हजेरीपट आणि जाहिरात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘धंद्यातील नीती’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. – संपादक)



‘धंद्यातील नीती’ हा विषय आजच्या वर्गासाठी ठरला तेव्हा आपल्यापैकी काहींनी शंका काढली, की हा विषय आपला कसा? नफ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेला नीती शिकवणे म्हणजे मांजराला उपासाचे माहात्म्य सांगणे नव्हे काय? शंका रास्त आहे, पण ती पुरती नाही. व्यवस्था बदलेपर्यंतही माणसे रोज कामावर जाणार आहेत आणि रोज बाजारात जाणार आहेत. तेथे त्यांची होणारी फसवणूक क्रांतीनंतरच्या कार्यक्रमपत्रिकेवर ढकलण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही. शिवाय साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्या चळवळीने उत्पादनाची आणि विक्रीची साधने तेवढी त्या आग्रहातून वगळावीत, हेही सुसंगत नव्हे.

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत हा विषय मोठ्या गांभीर्याने शिकवला जातो. तेथे त्याची प्रकरणे पाडलेली असतात. नोकरांना कसे वागवावे हे एक प्रकरण, मालाचा दर्जा हे दुसरे, जाहिरातीतील सत्य हे तिसरे. प्रत्येकाचा अधिकारी वेगळा आणि नियमपुस्तिकाही वेगळी. गंमत अशी, की चळवळींचीही नेमकी अशीच वाटणी झालेली आहे. कामगार संघटना हजेरीपट तपासते, ग्राहक संघटना वजन, किंमत आणि जाहिरात तपासते. एकीचा मोर्चा कारखान्याच्या फाटकावर जातो, दुसरीची तक्रार ग्राहक आयोगाच्या दारी जाते, आणि दोघींची गाठ क्वचितच पडते.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की ही दोन प्रकरणे मुळात एकच आहेत. खोटी जाहिरात आकाशातून पडत नाही. ती लिहिणारा, ती गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवणारा, तागडीला बोट लावणारा, जुन्या मालावर नव्या तारखेचा शिक्का मारणारा कोणीतरी पगारी माणूस असतो. मापातले पाप मालकाचे असले, तरी त्यासाठी हात मात्र नोकराचा लागतो. त्या नोकराला ‘हे मी करणार नाही’ असे म्हणण्याची सोय आहे की नाही, या एका प्रश्नावर धंद्याची सचोटी ठरते. म्हणून नोकरीची शाश्वती ही केवळ कामगाराची मागणी नाही, ते ग्राहकाचेही पहिले संरक्षण आहे.

इतिहासातून आरंभ करू. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये कित्येक कारखानदार मजुरी रोख न देता मालाच्या किंवा चिठ्ठीच्या रूपाने देत, आणि ती चिठ्ठी मालकाच्याच दुकानात चाले. मजुरीत कापलेला पैसा दुकानात पुन्हा एकदा कापला जाई. १८३१ साली कायद्याने ही पद्धत बंद करण्याचा प्रयत्न झाला. पण गरिबांच्या वस्तीतील दुकानांत भेसळ सर्रास चालू होती. पिठात तुरटी असे, आणि एकदा वापरलेली चहाची पाने वाळवून, रंगवून पुन्हा विकली जात. लँकेशायरमधील रॉचडेल या गावच्या २८ विणकरांनी आणि कारागिरांनी २८ पौंडांचे भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमध्ये स्वतःचे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच तेथे माल होता. पण माल शुद्ध, माप पूर्ण आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, हा त्यांचा नियम होता. जगातील सहकारी चळवळ या दुकानाला आपले मूळ मानते. त्या माणसांना प्रामाणिक व्यापाराची व्याख्या पुस्तकातून शोधावी लागली नाही. दिवसा मागावर लुबाडला जाणारा आणि संध्याकाळी दुकानात फसवला जाणारा माणूस एकच आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

याच कथेचा उत्तरार्ध मात्र आपल्या व्यासपीठांवरून फारसा सांगितला जात नाही. १८५४ साली रॉचडेलच्या सहकाऱ्यांनी कापडाच्या उत्पादनासाठी संस्था काढली. तिच्या नफ्यात काम करणाऱ्यांनाही वाटा मिळे. पुढे भागधारक वाढले, त्यांतील अनेकांना फक्त लाभांश हवा होता, आणि १८६२ साली बहुमताने कामगारांचा हा वाटा बंद करण्यात आला. पाटी सहकाराची राहिली, पण हजेरीपटावरचा माणूस पुन्हा नुसता मजूर झाला. पाटी बदलली म्हणून धंदा सुधारत नाही, हा धडा महाराष्ट्रातल्या सहकाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना वेगळा समजावून सांगायला नको.

आता विसाव्या शतकातील एक उदाहरण घेऊ. माझ्या मते या विषयावर याहून बोलके उदाहरण नाही. बाळांच्या डबाबंद दुधाची विक्री आशिया आणि आफ्रिकेतील गरीब देशांत वाढवण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी स्त्रिया नेमल्या होत्या. त्या परिचारिकेसारखा पांढरा पोशाख घालून प्रसूतिगृहांत आणि घरोघरी जात, आयांना सल्ला देत आणि डबा हाती ठेवून येत. आईला वाटे, दवाखान्याची बाई सांगते आहे. पाणी अशुद्ध, इंधन महाग, डबा परवडत नाही म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त, आणि तोवर आईचे दूध आटलेले. त्याचा परिणाम लहान मुलांच्या मृत्यूत झाला. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ सालीच सिंगापूरमधील भाषणात या विक्रीची सांगड हत्येशी घातली होती. १९७४ साली ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने पुस्तिका काढली, १९७७ पासून अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ उभी राहिली, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. ते विरोधी मत अमेरिकेचे होते.

या प्रकरणात जाहिरात कुठे होती? ती फलकावर होती आणि वर्तमानपत्रातही होती, पण तिचे सर्वांत परिणामकारक रूप म्हणजे तो पांढरा पोशाख घातलेली पगारी बाई. तीच नोकर आणि तीच जाहिरात. तिला दोषी ठरवणे सोपे आहे. पण तिच्यापैकी कित्येकींचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून होते. खरे बोलावे तर पगार कमी, खोटे बोलावे तर बढती, अशा जागी माणूस उभा करायचा आणि मग त्याच्या नीतीवर प्रवचन द्यायचे, हा दांभिकपणा आहे.

आपल्या देशाने १९९२ साली या विषयावर कायदा केला. बालदुग्धपर्यायाच्या जाहिरातीवर त्याने बंदी घातली, हे अनेकांना माहीत असते. पण त्याच कायद्यात दुसरी एक तरतूद आहे, ती आपण सर्वांनी नीट वाचावी. अशा मालाचा उत्पादक किंवा विक्रेता आपल्या नोकराचा पगार विक्रीच्या प्रमाणावर ठरवू शकत नाही, त्या प्रमाणात कमिशनही देऊ शकत नाही, आणि त्याचा नोकर गरोदर स्त्रीला किंवा बाळाच्या आईला संगोपनाचे शिक्षण देण्याचे काम करू शकत नाही. म्हणजे कायदेमंडळाने येथे जाहिरात आणि पगारपत्रक एकाच कायद्यात बांधले. नुसती जाहिरात बंद करून भागणार नाही, नोकराला खोटे बोलायला लावणारी पगाराची रचनाही मोडली पाहिजे, हे तत्त्व भारतीय कायद्याने मान्य केलेले आहे. मग जे दुधाच्या डब्याला लागू, ते औषधाला, विम्याला, कर्जाला आणि खाजगी शिकवणीवर्गाला लागू का असू नये?

बँकेत ठेव ठेवायला गेलेल्या निवृत्त माणसाच्या गळ्यात विम्याची योजना मारली जाते, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. काउंटरवरचा मुलगा गोड बोलतो, ‘काका, हे ठेवीपेक्षा चांगले’ म्हणतो आणि सही घेतो. वर्षभराने काकांना कळते की पैसे अडकले. काका त्या मुलाला शिव्या देतात. पण त्या मुलाच्या मागे महिन्याचे टार्गेट असते, ते चुकले तर सकाळच्या बैठकीत चारचौघांत पाणउतारा असतो, आणि पुष्कळदा तो बँकेचा नोकरही नसतो. कंत्राटदाराने पुरवलेला तो माणूस असतो. फसवणूक हे त्याचे चारित्र्य नव्हे, ती त्याच्या नेमणुकीची अट होऊन बसली आहे.

मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल. पाळी सुरू होताना फाटकावर उभे राहायचे, कोणी खाडा केला तर काम मिळणार, नाहीतर परत जायचे. वर्षानुवर्षे असे उभे राहिलेला माणूस मुकादमाला ‘नाही’ म्हणू शकत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणी होती. त्या काळी गिरण्यांच्या कापडाच्या जाहिराती मासिकांच्या रंगीत पानांवर झळकत होत्या. कापड तलम होते यात शंका नाही. पण ते विणणाऱ्याच्या फुफ्फुसात जाणारा कापसाचा तंतू आणि त्याच्या नोकरीची अनिश्चितता त्या पानांवर कधीच दिसली नाही.

मालाची लबाडी आणि कामगाराची भीती एकत्र आली की काय होते, याची परिसीमा भोपाळने दाखवली. युनियन कार्बाइडने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन नियतकालिकांत, विज्ञान नवा भारत घडवत आहे अशा आशयाची सचित्र जाहिरात दिली होती. त्याच कंपनीच्या भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार मेला. कामगार संघटनेने १९८२ साली शहरात भित्तीपत्रके लावून धोक्याचा इशारा दिला. पत्रकार राजकुमार केसवानी यांनीही तोच इशारा वृत्तपत्रातून दिला. कंपनीने काय केले? खर्च कमी करण्यासाठी विषारी वायूच्या विभागातील प्रत्येक पाळीतील माणसे १२ वरून ६ वर आणली, आणि जून १९८४ मध्ये टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद केली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती रात्र आपल्याला ठाऊक आहे. हजारो माणसे मेली. त्यांतील बहुतेकांनी त्या कंपनीचा माल कधी विकतही घेतला नव्हता. कामगारांचे म्हणणे ऐकणे ही कामगारांवरची मेहेरबानी नसते, शहराचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो, एवढे तरी आपण भोपाळपासून शिकलो पाहिजे.

अलीकडच्या काळात आपल्या शहरांतून ‘दहा मिनिटांत घरपोच’ अशी जाहिरात झळकू लागली. हे वचन कंपनीने दिले, पण पाळायचे कोणी? पावसात, खड्ड्यांतून, दुचाकीवर पाठीशी पेटी बांधून धावणाऱ्या मुलाने. आणि हा मुलगा कंपनीच्या लेखी नोकर नाही, ‘भागीदार’ आहे. नफ्यात ज्याचा वाटा नाही आणि हिशेब पाहण्याचा ज्याला हक्क नाही, त्याला भागीदार म्हणणे ही जाहिरातीतील पहिली असत्योक्ती होय. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा उल्लेख प्रथमच आला आणि राजस्थानने २०२३ साली त्यांच्या नोंदणीचा व कल्याणाचा स्वतंत्र कायदा केला. ही सुरुवात आहे, पण कामावरून कोणाला का काढले याचे उत्तर मागण्याचा हक्क देशभर मिळणे अजून दूर आहे.

आता सद्वर्तनाची उदाहरणे पाहू. नुसत्या निषेधावर चळवळ जगत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढचा लिज्जत पापडाचा महिला गृहउद्योग. प्रारंभी त्यांनी उत्तम आणि हलका असे दोन प्रतींचे पापड केले होते. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितले, की प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. तो सल्ला टिकला, कारण लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सभासद आणि मालक होती. माल बिघडला तर नाव तिचे जाणार होते. तेथे सर्व आलबेल आहे असे मी म्हणत नाही. घरी बसून वजनावर मिळणाऱ्या मजुरीचे कष्ट थोडे नसतात. पण सचोटी ही मालकीच्या आणि मानाच्या मातीत उगवते, हे त्या गच्चीने सिद्ध केले.

दुसरे उदाहरण माथाडी कायद्याचे. हमालाला एक मालक नसतो, आज या गोदामात तर उद्या त्या. म्हणून त्याला कसलीच शाश्वती देता येणार नाही, असे पूर्वी सांगितले जाई. महाराष्ट्राने १९६९ साली कायदा करून मंडळे स्थापन केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ द्यायचे. आज या कायद्याच्या नावाने गैरप्रकार होतात अशी ओरड आहे, आणि जेथे होतात तेथे त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण मालक बदलता असला तरी शाश्वती कायम राहू शकते, हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. पाठीवर पेटी घेऊन धावणाऱ्या मुलाचा प्रश्न सोडवण्यासाठी परदेशात नमुने शोधण्याची गरज नाही.

तिसरे उदाहरण कामगार संघटनेचे आहे. औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींची अखिल भारतीय संघटना १९६३ पासून काम करते. १९७६ साली या प्रतिनिधींच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. या संघटनेने पगाराबरोबरच औषधांच्या किमतीचा आणि विक्रीच्या अनिष्ट पद्धतींचा प्रश्न सातत्याने मांडला. डॉक्टरांना कंपन्यांकडून दिल्या जाणाऱ्या भेटी आणि सवलती यांवर सक्तीचे नियम हवेत म्हणून तिने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०२२ साली त्या सुनावणीची देशभर चर्चा झाली. ज्यांच्या हातून त्या भेटी पोहोचवल्या जातात त्यांच्याच संघटनेने त्याविरुद्ध उभे राहावे, ही साधी गोष्ट नाही. संघटित नोकर रुग्णाचा वकील होऊ शकतो याचा हा पुरावा आहे.

येथे दोन आक्षेप येतील. मालक म्हणेल, शाश्वती दिली की माणूस सुस्तावतो. काही सुस्तावतात, हे खरे आहे. पण सुस्तीचा तोटा मालकाच्या डोळ्यांसमोर होतो आणि रीतसर चौकशी करून त्यावर उपाय करता येतो. भीतीचा तोटा मात्र गिऱ्हाइकाच्या घरी जातो, आणि तो उघडकीस येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सरकारी कचेरीत तर नोकरी पक्की असते, मग तेथील नागरिकाला सचोटीचा अनुभव येतो का? नेहमी येत नाही, हे मान्य केले पाहिजे. शाश्वती आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. तिच्या जोडीला लोकांपुढे हिशेब देण्याची सक्ती हवी आणि आपल्या कामाचे धनी शेवटी लोक आहेत ही शिकवण देणारी संघटना हवी. ही शिकवण आदेशाने येत नाही. ती देणे हे आपले काम आहे.

कायद्याची वाटचाल पाहा. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने १९७८ साली अनुचित व्यापारी प्रथांवर कायद्याचे बंधन सुचवले, १९८४ साली ते मक्तेदारीविरोधी कायद्यात आले, आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ च्या नव्या कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि तीत झळकणाऱ्या नटालाही १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. हे स्वागतार्ह आहे. पण या सगळ्या तरतुदींत एक माणूस कोठेच नाही. ‘हे खोटे आहे, मी बोलणार नाही’ असे म्हणून नोकरी गमावणाऱ्या माणसाला हा कायदा कोणतेही संरक्षण देत नाही. २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा जो कायदा संमत झाला, तो सार्वजनिक सेवकांच्या भ्रष्टाचारापुरता आहे. खाजगी दुकानातील, कारखान्यातील, बँकेच्या काउंटरवरील नोकर त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

तेव्हा आपल्या कामाची दिशा स्पष्ट आहे. पहिली गोष्ट, ग्राहकाला फसवण्यास नकार दिला किंवा फसवणूक उघड केली म्हणून कोणाही नोकराला, मग तो कायम असो, कंत्राटी असो वा तथाकथित भागीदार असो, कामावरून काढता येणार नाही, असा कायदा मागितला पाहिजे. दुसरी, १९९२ च्या कायद्यातील विक्रीवर पगार न बांधण्याचे तत्त्व आरोग्य, शिक्षण आणि बचत यांच्याशी संबंधित सर्व विक्रीला लावण्याची मागणी केली पाहिजे. तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची आहे. कामगार संघटनेच्या मागणीपत्रकात मालाच्या खरेपणाचे एक कलम असावे, आणि ग्राहक संघटनेने एखाद्या दुकानाला चांगले म्हणण्यापूर्वी तेथील पोऱ्याला साप्ताहिक सुट्टी आणि किमान वेतन मिळते का, हे विचारावे.

एखाद्या धंद्याची पारख करायची असेल तर त्याचा ताळेबंद किंवा पुरस्कारांची यादी पाहू नका. त्याची जाहिरात घ्या, तेथील सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे जा आणि त्याला विचारा, की यात लिहिलेले खरे आहे का? तो मोकळेपणाने उत्तर देऊ शकला, मग ते उत्तर काहीही असो, तर त्या धंद्यात सुधारणेला जागा आहे. त्याने आधी मागे वळून कोणी ऐकत नाही ना हे पाहिले, तर जाहिरात वाचण्याची गरज नाही. अशा प्रत्येक ठिकाणी आपली शाखा हवी. उद्यापासून आपापल्या भागात हे विचारायला सुरुवात करा, आणि पुढच्या वर्गाला येताना मिळालेली उत्तरे लिहून आणा.